घट बसलेली गाडी

एकनाथराव बिरादारांनी आपल्या बायकोकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

१९९४ चा उन्हाळा होता. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनामागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत एक बिल्डर बसला होता. त्या वर्षातला हा चौथा. गल्लीतली बसकी घरं एकेक करून पडत होती आणि त्यांच्या जागी चार-चार मजले उठत होते. ज्यांनी टेलिफोनसाठी सात-सात वर्षं वाट पाहिली होती, त्यांच्याकडे आता महिन्याभरात तारा ओढल्या जात होत्या. बिल्डरने गुडघ्यांवर नकाशा पसरला होता. जागा तुमची, बांधकाम आमचं, त्यातले दोन फ्लॅट तुम्हाला, असा त्याचा प्रस्ताव. एकनाथरावांचा मुलगा प्रशांत नुकताच एका कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. तो पेन्सिलीने नकाशावर खुणा करत होता. ही अण्णांची खोली, हे देवघर.

पद्मावतीबाई चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवून त्या नेहमीसारख्या आत गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या.

"फ्लॅट नको म्हटलं तर?" त्यांनी विचारलं. "नुसते पैसे घेतले, तर घर किती दिवसांत खाली करून द्यावं लागेल?"

बिल्डरने आधी एकनाथरावांकडे पाहिलं, मग प्रशांतकडे. "अम्मा, फ्लॅट नक्को?"

"नक्को."

"आई, तू आत जा. मी नंतर समजावून सांगतो तुला."

"मला समजलंय. म्हणूनच विचारायलेय."

एकनाथरावांनी मान वर केली. समोर पन्नाशीची एक बाई उभी होती. ठेंगणी, रुंद मनगटांची, पदर कमरेला खोचलेला. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. तो कधी आला हे त्यांना माहीत नव्हतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांना कुठल्या पेटीला कुठे पोचा पडलाय हे लांबून दिसायचं, आणि ही भुवई मात्र त्यांनी आज पाहिली.

"काय बघायलात?" पद्मावतीबाई म्हणाल्या. "चहा निवायलाय."

पद्मावतीबाई भालकीकडच्या. वडिलांची शेती, सहा बैल, आणि मुलगे लहान. म्हणून शाळा सुटल्यावर गाडी जुंपायची पाळी थोरल्या मुलीवर यायची. कडब्याने भरलेली गाडी अरुंद बोळातून मागे सारायची तर बैलांपुढे उभं राहून एका वेळी वीतभरच सारावी लागते, आणि ते काम गावात दोघांनाच जमायचं, एक म्हातारा सालदार आणि एक ही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती काचीगुड्याला आली आणि तिथेच राहिली. सासरे गेले, दोन दिरांची लग्नं झाली, सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळल्या. रेल्वेत असल्यामुळे एकनाथरावांना दरसाल फुकट पास मिळायचा. काश्मीर म्हणा, कन्याकुमारी म्हणा, कुठेही जा. पण घरात कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी म्हणजे पद्मावतीबाई. पास डिसेंबरअखेर बाद व्हायचा. घर स्टेशनाला इतकं लागून होतं की कुठली शिट्टी कुठल्या गाडीची हे त्यांना पोळी लाटता लाटता कळायचं, आणि त्यातल्या एकाही गाडीत त्या बसल्या नव्हत्या. माहेरी जायच्या त्यासुद्धा एसटीने.

बिल्डर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूची भाजी निवडताना एकनाथरावांनी विषय काढला.

"घर विकून राहायचं कुठं?"

"गाडीत."

"पास आहेच माझा. पण रेल्वेत राहायचं म्हणजे..."

"रेल्वेच्या नाही. आपल्या."

एकनाथरावांनी शेपूची नवी जुडी पुढे ओढली.

"आमच्या गावाला घिसाडी यायचे बघा," त्या सांगू लागल्या. "गाड्यावरच संसार त्यांचा. पारावर मुक्काम टाकायचे, विळे-खुरपी करून द्यायचे, आठ दिवसांनी पुढं. त्यांची बाई गाड्याखाली भाकरी थापायची आणि मी बघत उभी राहायची. चूल तिचीच, गाव मात्र नवं. परवा केबलवर ते गोरे म्हातारा-म्हातारी दाखवले ना, मोटारीत घर केलेले? म्हटलं, ही तर घिसाड्याचीच गाडी."

"अगं, पण रेल्वेने फिरू की. चांगली दोन महिने फिरू."

"रेल्वेने गेलं की माणूस पाहुणा होतो. कुणी वाढलं तर जेवायचं, कुणी दाखवलं तिथं झोपायचं. मला कुणाकडं जायचं नाही. मला माझ्या चुलीपाशी बसून दुसरं गाव बघायचंय."

हे ऐकून एकनाथराव लगेच तयार झाले असं नाही. ते हिशेबी आणि सावध गृहस्थ होते, आणि निवृत्तीला अजून वर्ष होतं. पण त्या वर्षात बायको गप्प बसली नाही. शहरातल्या कोठी भागात एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथे दोघं गेले, तेव्हा तिथल्या शिक्षकाने एकनाथरावांना पुढच्या सीटवर बसवलं आणि मागचं दार उघडून धरलं. "अम्मा, आप आराम से बैठो. साब को सिखाता मैं."

"साब को भी सिखाव," पद्मावतीबाई म्हणाल्या, "पहले मेरे को सिखाव."

परीक्षेच्या दिवशी मैदानात खडूने इंग्रजी आठ काढला होता. एकनाथरावांनी त्या आठावरून गाडी नेताना तीन खुंट पाडले आणि ते नापास झाले. पद्मावतीबाईंनी पुढे घेतली, मागे घेतली, एकही खुंट हलला नाही. इन्स्पेक्टरने विचारलं, "अम्मा, पहले क्या चलाते थे?" त्या म्हणाल्या, "बैल." इन्स्पेक्टर हसला आणि सही केली. एकनाथरावांनी ही गोष्ट त्या आठवड्यात ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगितली. स्वतः नापास झाल्याचं सांगायलाही ते विसरले नाहीत, कारण त्याशिवाय गोष्टीला रंग येत नव्हता.

एक धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना आपली जुनी गाडी विकत होता. खेड्यापाड्यांतून डोळे तपासायला जाणारी मॅटाडोर, आत हात धुवायचं भांडं, कपाटं, एक बाक. तीच त्यांनी घेतली. सुलतान बाजारातल्या सुताराने त्या बाकाचा पलंग केला. पलंगाच्या पोटात धान्याचे डबे, ओट्यावर दोन शेगड्यांचा गॅस, टपावर पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा करून मोरी. बाहेरच्या बाजूला रंगवलेला भलामोठा डोळा दोन हात पांढरा रंग मारूनही पुसटसा दिसतच राहिला.

पूजेला गुरुजी आले आणि दारातच थबकले. "वाहनाची पूजा करायची की वास्तुशांत?"

"दोन्ही करा," एकनाथराव म्हणाले.

"मग दाराचं तोंड कुठल्या दिशेला ते सांगा."

"तुम्ही म्हणाल त्या दिशेला करते," म्हणत पद्मावतीबाई किल्ली घेऊन पुढे जाऊन बसल्या.

प्रशांत त्या पूजेला आला, पण जेवला नाही. तो वाईट मुलगा नव्हता. घर विकून आलेल्यातला एक वाटा त्याच्या अमीरपेटच्या फ्लॅटात गेला होता, एक पुण्याला दिलेल्या मुलीच्या, मेधाच्या नावावर ठेवला होता, आणि त्याला त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याला टोचत होतं ते वेगळंच.

"लोक काय म्हणतील, आई? मुलगा-सून सांभाळत नाहीत, म्हणून म्हातारा-म्हातारी गाडीत राहतात. माझ्या ऑफिसात काय सांगू मी?"

"सांग, माझी आई गाडी चालवते."

"चेष्टा नको. बरं, ते जाऊ दे. घट कुठे बसवणार? चार पिढ्या आपल्या घरात घट बसतो. तू यंदा तो काय पेट्रोल पंपावर बसवणार?"

हे मात्र पद्मावतीबाईंना लागलं. नवरात्राचे नऊ दिवस त्यांनी कधी चुकवले नव्हते. सासूबाईंची शुद्ध हरपली होती त्या वर्षीसुद्धा नाही. देवीपुढे मातीत धान्य पेरायचं, त्यावर पाण्याचा घट ठेवायचा, शेजारी दिवा लावायचा तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नाही. सून म्हणून घरात आल्यावर सासूबाईंनी पहिली हीच गोष्ट हाती दिली होती.

"गाडीत बसवीन," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस नीट पार पडले, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नाही पडले, तर गाडी विकते आणि तुझ्या फ्लॅटात येऊन राहते. मुकाट्यानं."

"अण्णा, तुम्ही साक्षीदार," प्रशांत म्हणाला.

एकनाथराव साक्षीदार झाले. १९९६ च्या ऑगस्टमध्ये गाडी काचीगुड्याहून निघाली.

ते दोन महिने एकनाथरावांना फार आवडले, आणि हे त्यांच्या अपेक्षेबाहेरचं होतं. नागार्जुनसागरचं पाणी, वरंगळचे कोरीव खांब हे सगळं पाहून झालं, पण त्यांना खरी गंमत वाटायची ती एकाच गोष्टीची. गाडी कुठेही थांबली की माणसं जमायची आणि त्यांना विचारायची, "साब, ड्रायव्हर किदर गया?" मग ते घसा साफ करून ओट्याकडे बोट दाखवायचे, जिथे पद्मावतीबाई फोडणी देत असायच्या. काही गावांत पुसट डोळा पाहून म्हाताऱ्या येऊन रांगेत बसायच्या. त्यांना चहा देऊन समजूत घालावी लागे. एकीने तर चहा पिऊन झाल्यावर सांगितलं, की आता जरा बरं दिसतंय.

नवरात्रासाठी बेत पक्का होता. भालकीजवळ पद्मावतीबाईंच्या चुलतभावाच्या अंगणात गाडी लावायची आणि तिथे नऊ दिवस राहायचं. पण ऑक्टोबरात समुद्रात वादळ झालं आणि पाऊस लांबला. अमावास्येच्या दिवशी ते मेदक जिल्ह्यात गोल्लापल्ली नावाच्या गावापाशी पोचले, तर पुढचा ओढा रस्त्यावरून वाहत होता. अंधार पडत आलेला. तळ्याच्या काठी एक सपाट, झाडून स्वच्छ केलेली जागा दिसली. पद्मावतीबाईंनी तिथे गाडी लावली. चिखलात तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे पडले होते. "कुठली तरी जत्रा होऊन गेली वाटतं," एकनाथराव म्हणाले, आणि दोघं झोपले.

सकाळी मुहूर्त होता. पद्मावतीबाई उठल्या, तळ्यावर अंघोळ करून आल्या, बरोबर आणलेली काळी माती टोपलीत पसरली, सात धान्यं पेरली, घट ठेवला, त्यावर विड्याची पानं आणि नारळ, शेजारी काचेची चिमणी लावलेला दिवा. चुलतभावाकडे पोचेपर्यंत मुहूर्त टळला असता, म्हणून इथेच बसवला. आरती झाली, प्रसाद झाला. ओढ्याचं पाणीही उतरलं होतं.

"निघायचं ना?" एकनाथरावांनी विचारलं.

पद्मावतीबाई पुढे जायला उठल्या आणि एकदम खाली बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "घट बसला."

तेव्हा एकनाथरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. तेहतीस वर्षं घट हलवायचा नाही हे दोघं पाळत आले होते. पण तेव्हा घर हलत नव्हतं, त्यामुळे तो नियम पाळायला काही करावंच लागलं नव्हतं.

"असं बघ," ते समजुतीने म्हणाले, "घट गाडीत आहे. गाडी पुढे गेली तरी घट गाडीतल्या गाडीत आपल्या जागेवरच. घर हललं, घट कुठे हलला?"

"वकिली नको."

"अगं पण..."

"बसला तिथं बसला. नऊ दिवस इथंच."

आणि त्या ओट्याशी जाऊन उपासाचे बटाटे सोलायला लागल्या.

संध्याकाळी जत्रेचा उलगडा झाला. गावातल्या चाळीस-पन्नास बायका रंगीत साड्या नेसून, फुलांचे रचलेले मनोरे ताटांत घेऊन तळ्याकडे आल्या आणि आपल्या जागेच्या मधोमध पांढरी गाडी पाहून थांबल्या. तेलंगणातला बतुकम्मा, बायकांचा हा फुलांचा सण, हैदराबादच्या माणसाला माहीत नसायचं कारण नाही. पण काचीगुड्यात तो गल्लीच्या तोंडाशी पाहायचा सण, आणि इथे आपण नेमके त्याच्या पोटात येऊन बसलोय, हे ध्यानात येऊन एकनाथरावांचे कान गरम झाले.

"बंडी तीयंडम्मा!" पुढची एक तरुण पोरगी ओरडली. गाडी काढा बाई. मागून आणखी दोघी-तिघी काहीतरी बोलल्या, त्यातला 'शहरवाले' एवढाच शब्द त्यांना कळला आणि तो कौतुकाचा नव्हता.

पद्मावतीबाई दारात आल्या. त्यांची तेलुगू भाजीवालीशी भाव करण्यापुरती. त्या घोळक्यात सगळ्यांत म्हातारी कोण ते त्यांनी पाहिलं आणि तिला नुसता हात केला. सत्यवती तिचं नाव. ती चपला काढून आत चढली. माती पाहिली, घट पाहिला, दिवा पाहिला. बोटांवर विचारलं, किती दिवस? पद्मावतीबाईंनी नऊ बोटं दाखवली. सत्यवतीने तोंडात बोट घातलं.

"नौ दिन? इधरीच?" तिने दखनीत विचारलं. "पागल हुए क्या तुम?"

"हौ," पद्मावतीबाई म्हणाल्या. "गलती हुई. मगर अब उठा नहीं सकती."

सत्यवती खाली उतरली. बायकांत बरीच वादावादी झाली. ती तरुण पोरगी काही केल्या ऐकेना. शेवटी म्हातारीने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि गाडीच्या दारापुढे नेऊन ठेवलं. बाकीच्यांनी आपापली ताटं त्याभोवती मांडली. मोकळी जागा फक्त गाडीच्या भोवतीच होती. म्हणून त्या बायकांनी गाडीला मध्ये घालून फेर धरला, टाळ्या वाजवत, वाकत, गात. खिडकीतून पाहताना एकनाथरावांना वाटलं की आपण देवळाच्या गाभाऱ्यात अडकलोय. त्यांनी घाईघाईने सदरा घातला.

असे पाच दिवस गेले. बायका सकाळी दिव्याला तेल घालून जायच्या, संध्याकाळी फेर धरायच्या. तरवडाच्या फुलांची रोजची माळ त्यांच्याकडूनच यायची. ती ओरडणारी पोरगीसुद्धा चौथ्या दिवशी आत येऊन अंकुर केवढे झाले ते पाहून गेली. एकनाथराव मोठ्या रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर चालत जाऊन प्रशांतला फोन करून आले, आणि काय झालं ते सगळं त्यांनी खरंखरं सांगितलं.

"तळ्याच्या काठी? नऊ दिवस?" प्रशांत म्हणाला. "अण्णा, मी येतो."

तो सहाव्या दिवशी दुपारी आला. भाड्याची जीप आणि एक ड्रायव्हर बरोबर होता. आणि त्याच दुपारी तळं चढत होतं. वरच्या बाजूला दोन दिवस पाऊस झाला होता. सकाळी पाणी गाडीपासून पंधरा हात लांब होतं, आता मागच्या चाकांना लागलं होतं. चार माणसं काठावर उभी राहून, संध्याकाळपर्यंत ते चिंचेच्या बुंध्याखालच्या दगडापर्यंत येणार, असं सांगत होती. चिंच गाडीच्या पुढे चढावर, साठेक पावलं होती.

प्रशांतने सगळं एका नजरेत पाहिलं. "आई, घट उचल. मांडीवर घे आणि जीपमध्ये बस. हा ड्रायव्हर मॅटाडोर वर काढेल. घट घरी नेऊन बसवू, देवीला राग येणार नाही."

"घट उचलायचा नाही, प्रशांत."

"मग काय पाण्यात बसणार आहेस? अण्णा, सांगा ना हिला."

एकनाथरावांना पहिल्या दिवशीचा आपला मुद्दा आठवत होता. पण तो आता मांडला तर ती हरल्यासारखं होईल असं वाटून ते गप्प राहिले. पद्मावतीबाईंनी दिव्याकडे पाहिलं, मागच्या चाकांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुमची वकिली आता ऐकते," त्या म्हणाल्या. "घराला हलवते, घटाला नाही. पण दिवा विझला किंवा घटातलं पाणी सांडलं, तर घट हलला. मग गाडी विकायची आणि अमीरपेटला जायचं. प्रशांत, तू आत बस. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. काय झालं ते तू सांगायचं."

"मैं निकाल देता ना अम्मा," जीपवाला म्हणाला.

"तू निकालेगा तो झटका देगा. हट."

सत्यवतीने पोरींना हाका मारल्या. कडबा आला, वाळलेल्या फांद्या आल्या. चाकांपुढे अंथरून झालं. प्रशांत पँट वर दुमडून आत गेला आणि घटापुढे मांडी घालून बसला. दार लागलं. चिखल पाहायला एकनाथराव पुढे जाऊन उभे राहिले.

गाडी सुरू झाली. पहिल्यांदा मागचं चाक जागीच फिरलं आणि चिखल उडाला. दुसरा कुणी असता तर त्याने आणखी जोर दिला असता. पद्मावतीबाईंनी पाय काढून घेतला. गाडी स्थिर झाल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "अजून कडबा. उजवीकडं." कडबा पडला. मग गाडी वीतभर पुढे सरली आणि थांबली. पुन्हा वीतभर. साठ पावलांना पाऊण तास लागला. एकनाथराव उलट्या पावलांनी चढत होते. त्यांना आतला दिवा दिसत नव्हता, काचेआडचा बायकोचा चेहरा तेवढा दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे रस्त्यावर. त्यांना एकदम वाटलं, या बाईचा नवरा असणं ही काही साधी गोष्ट नाही, आणि हे कुणाला तरी ताबडतोब सांगावं. जवळ जीपवाला होता. "एकोणीसशे पंच्याण्णवला लायसन्स काढलं तिने," ते त्याला म्हणाले. "पहिल्या फेरीत."

गाडी चिंचेखाली थांबली. पद्मावतीबाई उतरल्या नाहीत, हात चाकावर तसेच ठेवून बसल्या. प्रशांतने दार उघडलं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"दिवा चालू आहे," तो म्हणाला.

"आणि पाणी?" आतून आईने विचारलं.

"चिखलातून निघताना थोडं सांडलं. मातीत गेलं."

पद्मावतीबाई खाली उतरल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं, सांडलं तर..."

"आज मातीला पाणी घातलं होतंस का?" प्रशांतने विचारलं.

"नाही रे. सकाळपासून ह्याच धांदलीत..."

"मग रोजचं पाणी घालायचं राहिलं होतं, ते घातलं गेलं. घट हलला नाही."

"प्रशांत, माझं बोलणं स्पष्ट होतं."

"तुझं होतं. निकाल मात्र मी द्यायचा ठरला होता. अण्णा, साक्षीदार आहात ना तुम्ही?"

"आहे," एकनाथराव म्हणाले.

पद्मावतीबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाल्या, "काही खाल्लंस का सकाळपासून?"

प्रशांत त्या दिवशी परत गेला नाही. बायकांना त्यांची जागा मोकळी मिळाली होती, पाणी चढेल तसा फेर वर सरकत होता. कुणीतरी त्याच्या हातात ताट दिलं, आणि बायकांच्या सणात बाप्याचं काय काम म्हणून सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी जाताना तो जीपवाल्याला सांगत होता, "माझ्या आईने काढली ना वर. बघितली ना?" एकनाथरावांनी ते ऐकलं. मुलगा आपल्यावर गेलाय, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दसऱ्याला घट उठला. अंकुर वीतभर झाले होते. सत्यवतीने आपल्या वाट्याचे केसांत खोवले.

त्यानंतर प्रशांतने तो विषय काढला नाही. ऑफिसात तो काय सांगायचा ते एकनाथरावांना सुनेकडून कळलं. स्नेहा म्हणाली, टेबलाच्या काचेखाली त्याने गाडीचा फोटो ठेवलाय, आणि नवीन कुणी आलं की त्याला तो फोटो पाहावाच लागतो. त्या नवरात्रानंतर पद्मावतीबाईंनी एकच गोष्ट बदलली. जागा आधी चालून पाहायची, पाणी कुठे चढतं ते गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचं, आणि मगच घट बसवायचा. दरसाल नवं गाव. एका वर्षी विजयनगरमच्या बाजूला, एका वर्षी बेळगावाजवळ उसाच्या फडापाशी, दोनदा कन्याकुमारीच्या अलीकडे. एकनाथरावांच्या सांगण्यातली गोष्ट दरसाल थोडी लांबत गेली. त्यात तळं मोठं झालं, चढ उभा झाला, पाऊण तासाचा दीड तास झाला. पद्मावतीबाई शेजारी असल्या तर दुरुस्त करायच्या. "साठ पावलं होती. उगं वाढवू नका."

जुनी मॅटाडोर २००२ मध्ये मोडीत निघाली. तिच्या जागी आलेल्या गाडीचा ओटा पद्मावतीबाईंच्या उंचीला बेतून घेतला आहे, आणि ती गाडीही त्याच चालवतात. एकनाथराव अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि शेजारच्या सीटवर नकाशा धरून बसतात.

पद्मावतीबाई आता एकसष्ट वर्षांच्या आहेत. या महिन्यात गाडी श्रीकाकुळमच्या पुढे पलासाजवळ एका बागेत उभी आहे, आणि तिथल्या बायकांकडून त्या काजू फोडायला शिकत आहेत.